जिराफाच्या मानेमागची गोगलगाय

शाळेत उत्क्रांतीचा धडा शिकलेल्या प्रत्येकाला जिराफ आठवतो. उंच झाडांची पाने खाण्यासाठी जिराफाने पिढ्यान्‌पिढ्या मान ताणली, ती लांब होत गेली आणि तो गुण पुढच्या पिढीत उतरला, असे लॅमार्क नावाच्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाचे मत होते. पुढे ते चुकीचे ठरले आणि डार्विनचे बरोबर ठरले. दोन गुणांच्या उत्तरात एवढे लिहिले की लॅमार्कचे काम संपते. प्रत्यक्षात त्यांच्या प्रमुख ग्रंथात जिराफाच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला आहे. सजीव बदलतात हे त्यांना आफ्रिकेतल्या कोणत्या डौलदार प्राण्याने सांगितले नव्हते. ते सांगितले शंख-शिंपल्यांनी आणि गोगलगायींनी. आयुष्याची उत्तरार्धातली तीन दशके त्यांनी याच मुक्या, मऊ देहाच्या जीवांसोबत काढली. त्या कामात त्यांची दृष्टी गेली, पण काम थांबले नाही.

ज्याँ-बाप्तिस्त लॅमार्क यांचा जन्म १ ऑगस्ट १७४४ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतातल्या बाझाँताँ या खेड्यात झाला. घराणे सरदारांचे, पण वैभव नावापुरते उरलेले. अकरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांनी त्यांना धर्मगुरू करण्याच्या हेतूने आमियाँ येथील जेझुइट विद्यालयात घातले, पण मुलाचा ओढा सैन्याकडे होता. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी विद्यालय सोडले आणि तेव्हा सुरू असलेल्या सप्तवार्षिक युद्धात उडी घेतली. १७६१ साली जर्मनीतील फिलिंगहाउझेनच्या लढाईत वरचे अधिकारी पडल्यानंतरही, माघारीचा हुकूम आल्याशिवाय जागा सोडायची नाही म्हणून हा सोळा वर्षांचा पोरगा उरलेल्या शिपायांसह तिथेच ठाण मांडून राहिला, अशी कथा सांगितली जाते. त्या धैर्यापोटी त्यांना अधिकारपद मिळाले. एकदा धरलेली जागा न सोडण्याचा हा स्वभाव पुढे विज्ञानातही त्यांच्या कामी आला, आणि कधी कधी त्यांना नडलाही.

युद्धानंतर दक्षिण फ्रान्समधील छावण्यांत असताना त्यांना वनस्पती पाहण्याचा छंद जडला. मानेला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना सैन्य सोडावे लागले. हाती तुटपुंजे निवृत्तिवेतन राहिले. पॅरिसमध्ये काही काळ त्यांनी एका पेढीत कारकुनी केली, वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला आणि अखेरीस वनस्पतिशास्त्राला वाहून घेतले. १७७९ साली त्यांचा फ्रान्समधील वनस्पतींवरचा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हता, सामान्य वाचकाच्या फ्रेंचमध्ये होता. पानाफुलांविषयी एकामागून एक दुपर्यायी प्रश्न विचारत वनस्पतीच्या नावापर्यंत पोहोचण्याची सोपी पद्धत त्यात होती. निसर्गविज्ञानातील त्या काळचे बडे प्रस्थ ब्यूफाँ यांनी या ग्रंथाला आश्रय दिला आणि त्याच वर्षी लॅमार्क फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. पुढे राजाच्या उद्यानात वनस्पतिसंग्रहाचे जतन करण्याची नोकरीही मिळाली. पन्नाशीपर्यंत त्यांची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञ एवढीच होती.

मग राज्यक्रांती झाली. १७९३ साली जुन्या राजोद्यानाचे रूपांतर राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात झाले आणि तिथे बारा अध्यापकपदे निर्माण करण्यात आली. वनस्पतिशास्त्राची पदे इतरांकडे गेली. अवघ्या एकवीस वर्षांच्या झोफ्र्वा सँ-तिलेर यांच्याकडे पृष्ठवंशीय प्राणी आले. लॅमार्क यांच्या वाट्याला कीटक, कृमी आणि सूक्ष्म जीव हा विभाग आला. त्यात मानाचे काही नव्हते. या विषयात त्यांची फारशी तयारीही नव्हती, फक्त शंख-शिंपले जमवण्याचा जुना नाद होता. अशा वयात दुसऱ्या कुणी हा विभाग जेमतेम सांभाळला असता. लॅमार्क यांनी त्याला एका शास्त्राचे रूप दिले.

त्या विभागाची अवस्था अडगळीच्या खोलीसारखी होती. थोर वर्गीकरणकार लिनियस यांनी प्राण्यांचे सहा वर्ग केले होते. त्यांतला कृमींचा वर्ग म्हणजे कुठेच न बसणाऱ्या सर्वांची मोट होती. गांडूळ, तारामासा, माकूळ, शिंपला आणि समुद्रफूल एकाच वर्गात नांदत होते. त्यातही गंमत अशी की कवच असलेली गोगलगाय एका गणात आणि बिनकवचाची गोगलगाय दुसऱ्याच गणात होती. कारण पाहणारा बाहेरचे कवच पाहत होता, आतला प्राणी पाहत नव्हता. जॉर्ज कुव्हिए या तरुण शरीररचनाशास्त्रज्ञाने १७९५ मध्ये या प्राण्यांचे विच्छेदन करून त्यांच्या अंतर्गत रचनेवरून मृदुकाय प्राणी वेगळे काढले. कुव्हिए पुढे लॅमार्क यांचे कडवे टीकाकार झाले, परंतु त्यांचे हे काम लॅमार्क यांनी मनापासून स्वीकारले आणि वाढवले. कवचधारी जलचरांचा, कोळी-विंचवांचा आणि गांडूळ-जळवांचा असे स्वतंत्र वर्ग त्यांनी एकामागून एक पाडले. पाठीचा कणा असलेले आणि नसलेले ही आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असलेली विभागणी रूढ केली तीही त्यांनीच. जीवशास्त्र या अर्थाचा युरोपीय शब्द १८०२ मध्ये ज्या मोजक्या लोकांनी वापरात आणला, त्यांतही ते होते.

गोगलगाय, शिंपला आणि माकूळ यांत साम्य कसले, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर कवचाच्या आत आहे. या सर्वांच्या देहावर प्रावार नावाचा एक मांसल पडदा असतो. कवच असते ते याच पडद्यातून पाझरणाऱ्या चुनखडीचे बनते. प्रावाराच्या कडेला नवा थर चढत जातो, म्हणून शंखाचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग आणि तोंडाची कड ही सर्वांत नवी. पोटाकडचा स्नायू म्हणजे या प्राण्यांचा पाय. गोगलगाय त्यावर सरपटते, शिंपला त्यानेच वाळूत शिरतो आणि माकुळाच्या पूर्वजांत त्याच पायाच्या भागातून तोंडाभोवतीच्या भुजा घडल्या. एकाच आराखड्याची ही तीन रूपे आहेत. कवच हा त्या आराखड्याचा एक भाग आहे, आणि तो गळूनही जाऊ शकतो. बिनकवचाच्या गोगलगायी वेगवेगळ्या कुळांतून अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येकींच्या प्रावाराखाली आजही कवचाची लहानशी चकती दडलेली सापडते.

१७९८ मध्ये एक दुःखद घटना घडली. शंख-शिंपल्यांचे जाणकार आणि लॅमार्क यांचे स्नेही ब्रुग्येर हे इराणच्या मोहिमेवरून परतताना इटलीतील अँकोना येथे मरण पावले. त्यांचे अपुरे राहिलेले काम लॅमार्क यांच्याकडे आले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी कवचधारी मृदुकायांच्या नव्या वर्गीकरणाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात सव्वाशेच्या आसपास प्रजाती होत्या. आपल्या देवघरातल्या शंखाच्या शास्त्रीय नावातला टर्बिनेला हा पहिला शब्द त्यांनीच त्या वर्षी दिलेला आहे. कोकणातल्या खाड्यांत मिळणाऱ्या काही तिसऱ्यांची मेरेट्रिक्स ही प्रजाती आणि तळ्यातल्या गोगलगायींची लिम्निया ही प्रजाती यांचे नामकरणही त्यांचेच. आपण ज्याला एका चुकीच्या सिद्धान्ताचा जनक म्हणून ओळखतो, त्याचे नाव अशा रीतीने आपल्या घरात आणि ताटात आधीपासून आहे.

याच सुमारास त्यांच्यासमोर दुसरा एक संग्रह होता. पॅरिसच्या पश्चिमेला ग्रिन्याँ नावाचे ठिकाण आहे. तिथल्या जमिनीत सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार समुद्रातले शंख-शिंपले इतक्या सुस्थितीत सापडतात की ते कालच किनाऱ्यावर वेचले असावेत असे वाटते. त्यांत अर्धा मीटरच्या आसपास लांबीचे प्रचंड शंखही आहेत. लॅमार्क हे जीवाश्म हातात घेत आणि संग्रहालयातल्या आजच्या शंखांशेजारी ठेवून पाहत. काही जवळपास सारखे होते. काहींत थोडा फरक होता, काहींत बराच. मात्र दोन जातींच्या मधली रूपे सापडत गेली की सीमारेषा पुसट होत जाई. इथून तिथवर एक जात आणि तिथून पुढे दुसरी, असे ठामपणे सांगणे त्यांना कठीण होऊ लागले.

हत्तींच्या जीवाश्मांवर काम करणाऱ्या कुव्हिए यांच्यासमोरचे चित्र अगदी निराळे होते. इतका मोठा प्राणी आज जिवंत असता तर कुणाच्या तरी दृष्टीस पडलाच असता. तेव्हा मॅमथ नामशेष झाला हे उघड होते आणि त्यावरून कुव्हिए यांनी पृथ्वीवर वेळोवेळी महाभयंकर उलथापालथी झाल्याचा निष्कर्ष काढला. शंखांच्या बाबतीत मात्र असा तुटलेपणा लॅमार्क यांना दिसेना. सागरतळाशी एकावर एक साचणाऱ्या थरांतून शंखांची नोंद सलग मिळते. त्यामुळे जुन्या जाती सहसा नष्ट होत नाहीत, त्या हळूहळू बदलून नव्या होतात, असे ते म्हणू लागले. दोघांपुढचे प्रश्न एकच होते, पण पुरावे वेगळे होते. आज पाहता दोघांच्याही पदरात अर्धे सत्य पडले होते. जाती नामशेष होतात हे कुव्हिए यांचे म्हणणे खरे ठरले. जाती बदलतात हे लॅमार्क यांचे म्हणणे खरे ठरले.

मे १८०० मध्ये आपल्या वार्षिक व्याख्यानमालेच्या आरंभी लॅमार्क यांनी हा विचार विद्यार्थ्यांसमोर प्रथम मांडला. त्यांचे वय तेव्हा पंचावन्न होते. त्यापूर्वी काही वर्षे त्यांनी जाती स्थिर असतात असेच लिहिले होते. नावलौकिक मिळाल्यानंतर, उतारवयाकडे झुकताना, स्वतःचेच जुने मत जाहीरपणे सोडून देणे किती जणांना जमते?

नऊ वर्षांनी, १८०९ मध्ये, त्यांचा प्राणिविज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरचा ग्रंथ आला. योगायोगाने डार्विन यांचा जन्मही त्याच वर्षीचा. सजीवांत अधिकाधिक गुंतागुंतीच्या रचनेकडे जाण्याची उपजत प्रवृत्ती असते. परिस्थिती बदलली की सवयी बदलतात. वापरलेला अवयव बळावतो, न वापरलेला क्षीण होतो. आणि हे बदल संततीत उतरतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. उदाहरणे त्यांनी अर्थातच आपल्या लाडक्या प्राण्यांची दिली. शिंपल्याला डोके नसते. लॅमार्क यांच्या मते त्याचा प्रावार एवढा वाढला की डोळे आणि डोके निरुपयोगी झाले, आणि वापराविना ते नाहीसे झाले. पुढच्या एका ग्रंथात त्यांनी गोगलगायीच्या शिंगांचे उदाहरण घेतले. सरपटताना समोरची वस्तू चाचपण्याची गरज तिला भासली, शरीरातले द्रव वारंवार डोक्याच्या पुढच्या भागाकडे वाहू लागले आणि त्यातून हळूहळू शिंगे उगवली, असा त्यांचा तर्क होता.

शिंगांचे हे स्पष्टीकरण आज कुणी मानणार नाही. शिंपल्याचे उदाहरण मात्र विचार करायला लावते. शिंपल्यांच्या पूर्वजांना डोके होते आणि ते कालौघात नाहीसे झाले, हे आजचे विज्ञानही मानते. एवढेच नव्हे, तर स्कॅलॉप जातीच्या शिंपल्यांना प्रावाराच्या कडेने डझनावारी डोळे फुटलेले असतात. म्हणजे काय घडले हे लॅमार्क यांनी अचूक ओळखले. कसे घडले हे मात्र त्यांना कळले नाही. योगायोगाने उद्भवणारे लहान लहान फरक आणि त्यांतून परिस्थितीने केलेली निवड ही किल्ली डार्विन आणि वॉलेस यांच्या हाती लागायला आणखी अर्धशतक जायचे होते.

प्राण्यांच्या वंशक्रमाविषयीही तसेच झाले. त्या ग्रंथाच्या शेवटी त्यांनी एक आकृती दिली होती. आधी सरळ शिडीसारखा कल्पिलेला क्रम तिथे फांद्या फुटून विभागलेला दिसतो. गांडूळवर्गीय आणि मृदुकाय प्राणी त्यांनी एकाच फांदीवर ठेवले. हे नाते नंतरच्या काळात या प्राण्यांच्या डिंभांतील साम्यावरून आणि अलीकडे जनुकांवरूनही पटले आहे. पण मृदुकायांनंतर त्याच फांदीवर त्यांनी मासे बसवले, ते चुकले. पाठीचा कणा असलेले प्राणी अगदी वेगळ्या शाखेतून आले आहेत.

समकालीनांनी त्यांच्या विचारांना थंडे स्वागत दिले. त्याचा काही दोष लॅमार्क यांच्याकडेही जातो. लाव्हाझिए यांच्या नव्या रसायनशास्त्राला त्यांनी हट्टाने विरोध केला होता. दरवर्षी ते हवामानाच्या अंदाजांची पंचांगे काढीत आणि त्यांवरून त्यांची टिंगल होई. कुव्हिए यांनी इजिप्तहून आलेल्या ममीतल्या आयबिस पक्ष्याचा सांगाडा आजच्या आयबिसाशी ताडून, हजारो वर्षांत काहीही बदललेले नाही असे दाखवले. इजिप्तचे हवामान तरी कुठे बदलले आहे, आणि पृथ्वीच्या वयापुढे दोन-तीन हजार वर्षे ती किती, असे लॅमार्क यांचे उत्तर होते. उत्तर बिनतोड होते, पण ऐकणारे थोडे होते. १८०९ च्या एका समारंभात त्यांनी नेपोलियनला आपला ग्रंथ भेट दिला. ते हवामानाचे आणखी एक पंचांग आहे असे समजून सम्राटाने सर्वांदेखत त्यांचा पाणउतारा केला आणि वृद्ध लॅमार्क यांच्या डोळ्यांत पाणी आले, अशी आठवण खगोलशास्त्रज्ञ अरागो यांनी नोंदवून ठेवली आहे.

खरा आघात पुढे होता. वर्षानुवर्षे बारीक शंखांची निरीक्षणे करताना त्यांची दृष्टी मंदावत गेली आणि १८१८ च्या सुमारास ती पूर्णपणे गेली. तेव्हा त्यांच्या अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या निसर्गेतिहासाचे काम निम्म्यावर होते. १८१५ मध्ये सुरू झालेला हा सात खंडांचा ग्रंथ १८२२ मध्ये पूर्ण झाला. अखेरच्या खंडांचा बराच मजकूर त्यांनी आपल्या मुलीला सांगून लिहवला. शिंपल्यांच्या एका भागात वालाँसिएन या तरुण सहकाऱ्याने मदत केली. उरलेल्यात हाताला लागणारी कवचाची वळणे, स्मरणात साठलेले हजारो नमुने आणि मुलीचे डोळे यांवर भिस्त होती. आपल्या नद्यांत आढळणाऱ्या एका गोड्या पाण्याच्या शिंपल्याचे पहिले शास्त्रीय वर्णन याच ग्रंथाच्या १८१९ च्या खंडात आहे.

१८ डिसेंबर १८२९ रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, लॅमार्क यांचे निधन झाले. घरात पैसा नव्हता. अंत्यसंस्कारासाठी कुटुंबाला अकादमीकडे मदत मागावी लागली. माँपार्नास दफनभूमीत पाच वर्षांच्या भाड्याने जागा घेण्यात आली. मुदत संपल्यावर अस्थी उकरून काढल्या गेल्या आणि इतरांच्या अस्थींत मिसळून गेल्या. आज त्यांची कबर कुठेच नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच, १८३० च्या आरंभी, अकादमीत माकुळाची शरीररचना पृष्ठवंशीयांशी जुळते का यावरून कुव्हिए आणि झोफ्र्वा यांच्यात गाजलेला वाद पेटला. लॅमार्क यांचे मृदुकाय प्राणी अखेर युरोपभर चर्चेत आले, पण ते ऐकायला ते उरले नव्हते. कुव्हिए यांनी लिहिलेला त्यांचा मृत्युलेख १८३२ मध्ये अकादमीत वाचला गेला. त्यात वर्गीकरणाच्या कामाचा गौरव होता, परंतु उत्क्रांतीच्या कल्पनांची संभावना मात्र कवीच्या मनोराज्यासारखी केली होती. लॅमार्कविषयीचा जनमानसातला ग्रह त्या लेखाने बराच काळ घडवला.

शंखांनी मात्र त्यांची साथ सोडली नाही. त्यांच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांत असलेले देशाय यांनी पॅरिस आणि इतरत्रच्या हजारो जीवाश्म शंखांची आजच्या जातींशी तुलना केली. ज्या थरात सुमारे साडेतीन टक्केच जाती आजही जिवंत आढळतात तो जुना, सतरा-अठरा टक्के आढळतात तो त्यानंतरचा, अशा हिशेबाने चार्ल्स लायेल यांनी १८३३ मध्ये भूकालाचे इओसीन, मायोसीन आणि प्लायोसीन असे भाग पाडले. ही नावे आजही प्रचलित आहेत. लायेल यांनी लॅमार्क यांचे विचार खंडनासाठीच सविस्तर मांडले. ते पुस्तक जगप्रवासावर निघालेल्या तरुण डार्विन यांच्या हाती पडले. डार्विन यांनी १८६१ च्या आवृत्तीत, सजीवसृष्टीतील बदल नैसर्गिक नियमांनी घडतात या शक्यतेकडे लक्ष वेधण्याचे श्रेय लॅमार्क यांना दिले आहे.

उपार्जित गुण संततीत उतरतात, ही कल्पना लॅमार्क यांच्या नावावर जमा झाली असली तरी ती त्यांची एकट्याची नव्हती. त्यांच्या आधीचे अनेक जण ती मानत आणि खुद्द डार्विनही वापर-अनुपयोगाचा काही परिणाम पुढच्या पिढीत उतरतो असे मानत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाइझमान यांनी उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शेपट्या छाटूनही पिल्ले शेपटीसहच जन्मतात असे दाखवले आणि त्या कल्पनेला उतरती कळा लागली. एका सार्वत्रिक समजुतीची शिक्षा मात्र एकाच माणसाला झाली.

लॅमार्क यांचा शंखसंग्रह मृत्यूनंतर हातोहात फिरत अखेर जिनिव्हाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पोहोचला आणि तिथे तो अभ्यासकांसाठी जपून ठेवला आहे. १९०९ साली, त्यांच्या ग्रंथाच्या शताब्दीला, पॅरिसच्या वनस्पती उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी त्यांचा पुतळा उभारण्यात आला. चौथऱ्यावरच्या शिल्पात अंध लॅमार्क आणि त्यांची मुलगी आहे. पुढच्या पिढ्या तुमची कदर करतील आणि तुमच्यावरच्या अन्यायाची भरपाई करतील, असा दिलासा ती देते आहे.

ती भरपाई अजून अपुरीच आहे. पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या कुंपणभिंतींवर चढणाऱ्या मोठ्या आफ्रिकी गोगलगायी आपण मीठ टाकून मारतो. २०२२ मध्ये गोगलगायींनी मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांची झोप उडाली होती. या आफ्रिकी गोगलगायीचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ ज्या अचॅटिना शब्दाने सुरू होत असे, तो शब्द १७९९ साली लॅमार्क यांनीच योजला होता. पुढच्या वेळी अशी एखादी गोगलगाय भिंतीवरून सावकाश चढताना दिसली, तर तिची शिंगे जरा निरखून पाहावीत. ती का उगवली याचे लॅमार्क यांचे उत्तर चुकले होते. पण ती नेहमीच तशी नव्हती, कधी काळी निराळी होती, हे जगाला ठामपणे सांगण्याचे धाडस करणाऱ्या पहिल्या काही माणसांत ते होते.